गाडलेले ओढे रस्त्यावर दिसू द्या: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

सुशोभीकरणाच्या नावाखाली शहरांच्या भिंतींवर मोर, कमळं आणि डोंगराआडून उगवणारा सूर्य रंगवला जातो. तो डोंगर कुठलाच नसतो. ज्या टेकडीची माती भरावाला गेली, जो ओढा स्लॅबखाली गेला, त्यांची मात्र कुठेच खूण नाही. माझी मागणी एवढीच आहे: जे जिथे होतं, ते तिथेच रंगवा.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात कलाकार ब्रूस विलेन यांनी हेच केलं. समवॉल्ट रन नावाचा तिथला ओढा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूमिगत वाहिनीत घातला गेला. २०२३ मध्ये त्याच्या जुन्या मार्गावर रस्त्यांवर निळ्या लाटांच्या रेषा आखल्या गेल्या, माहितीफलक लागले. न्यूयॉर्कमध्ये कलाकार ॲलन सॉनफिस्ट यांनी १९७८ मध्ये वेगळी वाट धरली. युरोपीय वसाहतीपूर्वी त्या मातीत वाढणारी झाडं त्यांनी भर शहरातल्या एका तुकड्यावर लावली.

जागेचा आग्रह मी धरतो, कारण ओढा गाडला तरी जमिनीचा उतार बहुधा तसाच राहतो. मुसळधार पावसात पाणी त्याच सखल भागाकडे धावतं आणि वाहिनीत मावलं नाही की रस्त्यावर येतं. तळमजल्यावर घर घेणाऱ्याला हे कोण सांगतं? दारासमोरची निळी रेषा सांगेल. जमिनीचे भाव पडतील म्हणून काहींना ती नको असेल. त्यांचं ऐकू नका.

रंग मात्र झेब्रा क्रॉसिंगला वापरतात तसा टिकाऊ हवा, आणि डांबरीकरणाच्या निविदेतच रेषा पुन्हा आखण्याची अट हवी. नाहीतर पहिल्याच नव्या थराखाली ओढा दुसऱ्यांदा गाडला जाईल.

एक भीतीही आहे. उद्या उरलेले ओढे बुजवताना 'आम्ही स्मृतिचित्र काढू' असं सांगून परवानगी मिळवली जाईल. तसं होऊ देऊ नका. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, चॉन्गेचॉन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडून २००५ मध्ये सुमारे सहा किलोमीटरचा प्रवाह लोकांसाठी खुला झाला. त्यात पाणी बरंचसं पंपाने सोडावं लागतं, हे खरं. तरीही जिथे उघडणं शक्य आहे, तिथे चित्रावर भागवू नये.

सुरुवात नकाशांपासून करा. जुने भूमापन नकाशे आणि भूमिगत वाहिन्यांचे आराखडे एकत्र करून या पावसाळ्यापूर्वी नागरिकांना खुले करा. ते हाती आले, की रेषा आखायला कलाकार आणि त्या त्या वस्तीतली माणसं स्वतःहून पुढे येतील.

आपला,
एक नागरिक