जुने चष्मे आणि एका जोडभिंगासाठी आवाहन

आमचे खगोल मंडळ दुर्बिणीच्या आरंभीच्या इतिहासाचे एक लहान फिरते प्रदर्शन तयार करीत असून, त्यासाठी आम्हांला सर्वांत आधी हवे आहेत ते आपल्या घरी पडून असलेले जुने चष्मे. मागणी विचित्र वाटेल, परंतु १६०८ मध्ये नेदरलँड्समध्ये दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज करणारा हान्स लिपरशे चष्मे बनवणाराच होता. ही युक्ती इतरांनाही ठाऊक असल्याने त्याला पेटंट मिळाले नाही, आणि पुढच्याच वर्षी गॅलिलिओने स्वतः भिंगे घासून आपल्या दुर्बिणी घडवल्या.

त्या दुर्बिणीत पुढचे बहिर्वक्र भिंग दुरून येणारे किरण एकवटू लागते आणि ते एका बिंदूत मिळण्यापूर्वीच मागचे अंतर्वक्र भिंग त्यांना पुन्हा समांतर करून डोळ्यात सोडते. त्यामुळे +१ नंबरची काच (नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून किरण एकवटण्याच्या बिंदूपर्यंतचे अंतर, १ मीटर) आणि −१० नंबरची काच (१० सेंटिमीटर) नळीत ९० सेंटिमीटर अंतरावर बसवली, की दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण तयार होते. काठावर ओरखडे असले तरी चालतील, कारण गॅलिलिओही भिंगाचा काठ झाकून मधलाच भाग वापरीत असे. बायफोकल, प्रोग्रेसिव्ह आणि सिलिंड्रिकल नंबरच्या काचा मात्र उपयोगी नाहीत. केप्लरने १६११ मध्ये मांडलेल्या रचनेत मागचे भिंगही बहिर्वक्र असते. प्रतिमा उलटी दिसते, पण दृश्यक्षेत्र मोठे मिळते. तिच्यासाठी घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते भिंग कोणी दिल्यास आनंद होईल.

पैशांची गरज एकाच वस्तूसाठी आहे. एकेरी भिंग निरनिराळे रंग निरनिराळ्या अंतरांवर एकवटते, म्हणून तेजस्वी ताऱ्यांभोवती रंगीत कडा उमटतात. सतराव्या शतकात हा दोष कमी करण्यासाठी दुर्बिणी लांबवत नेल्या गेल्या. खगोलशास्त्रज्ञ हेवेलियसची एक दुर्बीण तर सुमारे ४६ मीटर लांब होती, आणि वारा सुटल्यावर तिच्यातून काय दिसत असेल कोण जाणे! क्राउन व फ्लिंट या दोन निराळ्या प्रकारच्या काचांच्या भिंगांची जोडी (जोडभिंग) वापरल्याने हा दोष बराच आटोक्यात येतो. अशा भिंगाचे पेटंट जॉन डॉलंडने १७५८ मध्ये घेतले, जरी चेस्टर मूर हॉलने ते आधीच साधले होते. हे जोडभिंग चष्म्यांतून मिळणारे नसल्याने विकत घ्यावे लागेल व त्यासाठी आपण यथाशक्ती देणगी द्यावी, ही विनंती. प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल.

या दुर्बिणी मुले हाताळणार असल्याने, आणि दुर्बिणीतून सूर्याकडे पाहणे डोळ्यांना घातक असल्याने, प्रदर्शन सूर्यास्तानंतरच खुले राहील. चष्मे फ्रेमसह द्यावेत, कारण काढताना काचा फुटतात. नंबर ठाऊक असल्यास सोबत चिठ्ठी जोडावी.