क्रीडामंत्रीसाहेब, आइस हॉकी हिरवळीवर खेळत नाहीत

मा. केंद्रीय क्रीडामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, माझ्या लेकीची फाइल परवा परत आली. ती महाराष्ट्राकडून आइस हॉकी खेळते. लेहच्या राष्ट्रीय स्पर्धेला जाऊन आली, त्या प्रवासखर्चाच्या मदतीचा अर्ज होता. मदत मिळणार हा शब्द सत्काराच्या व्यासपीठावरून माइकवर दिलेला, टाळ्यांसकट. फाइलवर लाल शाईत शेरा आहे : 'हॉकी इंडियाचे प्रमाणपत्र जोडावे.' कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण फाइल पुन्हा त्याच टेबलावर जायची आहे.

आता हॉकी इंडिया पाहते मैदानी हॉकी. आइस हॉकीची राष्ट्रीय संघटना वेगळी आहे आणि भारत 1989 पासून या खेळाच्या जागतिक महासंघाचा सदस्य आहे. हे मी त्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "हॉकी ती हॉकीच ना?" मग तलवारबाजी आणि भाजी चिरणं हेही एकाच खात्यात घ्या म्हणावं.

त्यांना तरी काय बोलायचं? माझं चिंचवडला फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. त्या सत्काराचा फ्लेक्स माझ्याच मशीनवर निघाला. वर नेत्यांचे बारा चेहरे, खाली कोपऱ्यात माझी पोरगी, पोस्टाच्या तिकिटाएवढी. मागे हिरवंगार टर्फ आणि वाकडी स्टिक. मी म्हटलं, बर्फाचा फोटो टाकू का? कार्यकर्ता म्हणाला, "नको, पांढऱ्यावर साहेब उठून दिसत नाहीत." शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. फ्लेक्सचं बिल अजून थकलेलंच आहे.

हे माझं रडगाणं झालं, पण देशाच्या महिला संघाची कथा तरी कुठे वेगळी आहे! 2016 साली या मुली पहिल्यांदा परदेशी स्पर्धेला गेल्या, तैपेईला. बहुतेक सगळ्या लडाखच्या. घरी सराव कसा, तर रात्री थंडीत पाणी सोडायचं, सकाळी त्याचा बर्फ झाला की खेळायचं, आणि फेब्रुवारी सरता सरता तोही विरघळायचा. साहित्य मागूनपागून आणलेलं. पैशांसाठी इंटरनेटवर लोकांकडे वर्गणी मागावी लागली. आपल्याकडे गल्लीतल्या दहीहंडीला प्रायोजक मिळतात आणि छातीवर तिरंगा लावणाऱ्या पोरी झोळी घेऊन फिरतात.

तरी 2017 मध्ये बँकॉकला त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला, फिलिपाइन्सविरुद्ध, 4-3. हा आकडा लक्षात ठेवा, साहेब. कारण 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल-ऐनला महिलांचा आशिया चषक झाला, त्यात आपल्या मुलींनी कांस्य आणलं आणि सुवर्ण नेलं त्याच फिलिपाइन्सने. ज्या देशात बर्फ पडतच नाही, त्या देशाने! तिथे मॉलमध्ये रिंक, म्हणजे कृत्रिम बर्फाची मैदानं आहेत, बारा महिने चालू. रौप्य इराणला. तिथल्या मुलींनीही चाकांच्या स्केट्सवर, इनलाइन हॉकीतूनच सुरुवात केली होती, माझ्या लेकीसारखी. 2019 ला तेहरानच्या मॉलमध्ये नीट रिंक झालं आणि गाडी सुटली. माझी लेक अजून पार्किंगच्या काँक्रीटवर चेंडू मारते. आणि हिमालय कुणाच्या नकाशात आहे? आपल्या. पण कांस्य मिळवायला वाळवंटात जावं लागलं, कारण तिथे बर्फ होता.

डेहराडूनला रिंक बांधलं होतं की! 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी, पूर्ण मापाचं, छताखालचं. खर्च 80 कोटींच्या आसपास, असं तेव्हाच्या पेपरांत होतं. पाच-दहा कोटी इकडे तिकडे झाले असतील तर आपलं खातं दुरुस्त करेलच. स्पर्धा झाली, फिती कापून झाल्या आणि विजेच्या बिलाच्या नावाखाली टाळं लागलं. उघडलं कधी, तर 2025 ला. चौदा वर्षं! तेव्हा पहिलीत असलेली पोरगी आता नोकरीचे अर्ज भरते आहे. तेवढ्या काळात किती मुली घडल्या असत्या, याचा हिशोब कुठल्या लेखापरीक्षणात येतो?

क्रीडा खात्याचं 2025-26 चं अंदाजपत्रक 3,794 कोटींचं, त्यात खेलो इंडियाला हजार कोटी. वाचून ऊर भरून आला. माझ्या लेकीचे स्केट्स पन्नास हजारांच्या घरात गेले, ते मी सोसायटीतून कर्ज काढून घेतले. शाळेने हजेरीचे गुण कापले. "बर्फावर कसली हॉकी, फिरायला गेला असाल," हे ऐकून घेतलं. ती रेल्वेने, मग मिळेल त्या गाडीने लेहपर्यंत गेली. परतल्यावर आठवडाभर तापाने फणफणली होती. व्यवस्थापक मात्र विमानाने. असे व्यवस्थापक आपल्याकडे खेळाडूंपेक्षा जास्त निपजतात, प्रत्येक संघटनेत, प्रत्येक खेळात. पदक आलं की फोटोत पुढे, हरलं की दौऱ्यावर. आणि आता म्हणे आपल्याला 2036 चं ऑलिम्पिक भरवायचं आहे. भरवा. आधी कुठला खेळ कशावर खेळतात, एवढं तरी कारकुनांना शिकवा.

मागणं फार नाही. डेहराडूनच्या रिंकचं वर्षभराचं वेळापत्रक जाहीर करा आणि त्यात महिला संघाला किती तास, ते आकड्यात लिहा. परदेशी स्पर्धेचं तिकीट आणि साहित्य सरकारने द्यावं, मुलींनी वर्गणी काढून नव्हे. आणि माझ्या फाइलवरचा तो शेरा खोडायला लावा. उत्तर हिंदीत, इंग्रजीत, कशातही पाठवा; फक्त त्यात 'उचित कार्यवाही करण्यात येईल' हे वाक्य नको.

आपला,
एका खेळाडूचा बाप, चिंचवड