उभ्या जंगलालाही दाम मिळू द्या: वनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या वाडीवरचं जंगल तुटलं. तोडीच्या कागदावर तेवीस सह्या आहेत. त्यातली एक माझी.

मी संगमेश्वर तालुक्यातला शेतकरी. आमच्या घरांच्या वर, सड्याखालच्या (कातळाच्या पठाराखालच्या) उतारावर सहा एकर रान होतं. पणजोबांच्या नावाची जमीन, आता सातबाऱ्यावर तेवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. ऐन, किंजळ, कुंभा, दोन जुने रायवळ आंबे आणि वहाळाच्या (ओढ्याच्या) काठी एक बेहडा. त्या बेहड्याच्या ढोलीत दरवर्षी गरुडाची जोडी यायची. पुस्तकात याला धनेश म्हणतात. मादी ढोलीत बसून दार लिंपून घ्यायची, एवढीशी फट ठेवायची, आणि नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून तिला भरवायचा. लहानपणी आम्ही खाली बसून त्याच्या खेपा मोजायचो.

ठेकेदाराने सहा एकरांचे एक लाख ऐंशी हजार सांगितले. कुणाच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती, कुणाचं डायलिसिस चालू होतं, मुंबईच्या हिस्सेदारांपैकी काहींना आपली हद्दही ठाऊक नव्हती. माझ्या वाट्याला सात हजार आठशे रुपये आले. अठरा दिवस कटर चालला. बेहडा सगळ्यात शेवटी पाडला. माघ संपता संपता नर आला, त्या मोकळ्या उतारावर दोन-तीनदा फिरला आणि पलीकडच्या डोंगराकडे निघून गेला. वहाळाला एरवी होळीपर्यंत पाणी असायचं, यंदा ते महिनाभर आधीच आटलं.

साहेब, सही केल्याचं मला रोज टोचतं. पण त्या वर्षी आमच्या अंगणात पैसे घेऊन फक्त ठेकेदार आला होता, हेही तितकंच खरं आहे. उभ्या जंगलासाठी दोन रुपये घेऊन आजवर कुणीच आलेलं नाही. हे पत्र त्यासाठीच लिहितो आहे.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याची स्थिती आपण जाणता. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार जिल्ह्याच्या जवळपास निम्म्या भूभागावर वनाच्छादन आहे, पण वनखात्याच्या ताब्यातली जमीन त्यात अगदी थोडी. बाकी सगळं लोकांच्या सातबाऱ्यावर. म्हणजे इथलं जंगल राहणार की जाणार, हे हजारो सामाईक कुटुंबं आपापल्या अडचणीच्या वेळी ठरवतात. विदर्भात वनखातं जसं जंगल सांभाळतं तसं इथं सांभाळता येणार नाही, कारण इथं राखायचं आहे ते दुसऱ्याच्या मालकीचं आहे.

त्यासाठी सरकारच्या हातात आज काय आहे? १९६४ चा झाडतोडीचा कायदा. आमची तोड परवाना काढूनच झाली, कायद्याने कुठेच अडवली नाही. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने विनापरवाना तोडीचा दंड हजार रुपयांवरून पन्नास हजारांवर नेण्याचं ठरवलं, तेव्हा कोकणात केवढी नाराजी उसळली, हे आपण पाहिलं आहे. मला ती नाराजी चुकीची वाटली नाही. ज्याला झाड ठेवण्याचा काहीच मोबदला नाही, त्याच्यावर फक्त दंड वाढवला तर तो झाड वाढूच देणार नाही. रोपटं हाताएवढं झालं की कोयती मारेल.

दुसरीकडे लावायला मात्र पैसा आहे. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणात काजू-आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या. माझीही कलमं त्यातलीच, त्या योजनेने आम्हाला हात दिला. पण मिश्र रान साफ करून एकाच जातीची कलमं लावणाऱ्याला अनुदान आणि तेच रान तसंच ठेवणाऱ्याला शून्य, असा हिशेब झाला. २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला. शंभर वर्षांचा ऐन पाडून त्याच्या जागी वीतभर रोप लावायचं, याला वनीकरण म्हणायला जीभ रेटत नाही.

पैसा नाही, असं कुणी म्हणू नये. वनजमिनी प्रकल्पांना देताना जमा होणाऱ्या भरपाई वनीकरण निधीतून केंद्राने ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३,८४४ कोटी आले. आणखी एक हिशेब आहे, तो गावात कुणाला माहीत नाही. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ठरवताना चौदाव्या वित्त आयोगाने वनाच्छादनाला साडेसात टक्के वजन दिलं, पंधराव्याने वने आणि पर्यावरणाला दहा टक्के. हे जंगल मोजतात उपग्रहाच्या चित्रावरून, आणि त्या चित्रात सातबारा दिसत नाही. आमच्या पणजोबांच्या नावावरचे ऐन-किंजळ राज्याच्या वाट्यात धरले गेले असतील, तर त्यातले चार पैसे ते राखणाऱ्या घरापर्यंत यायला हवेत. हे मी भीक म्हणून मागत नाही.

माझी मागणी एवढीच: जमीनमालक, ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि वनखातं अशा तिघांत दहा वर्षांचा करार व्हावा. त्या काळात तोड करायची नाही, आणि दर एकरी ठरलेली रक्कम दरसाल थेट प्रत्येक हिस्सेदाराच्या खात्यात, त्याच्या हिश्श्याप्रमाणे. वाळलेला लाकूडफाटा, भाजावळीपुरता (पेरणीआधी शेत भाजण्यापुरता) टाळ म्हणजे फांद्यांचा पाला, हिरडा-बेहड्याची फळं, रायवळ आंबे हे सगळं मालकाचंच राहावं. गुढीपाडव्याच्या आत जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) काढणं, वणवा विझवणं, पाहणी करणं ही कामं गावातल्या पोरांना मजुरीवर द्यावीत. निधी राज्य, जिल्हा नियोजन समिती आणि खालच्या बाजूला आमचंच पाणी वापरणाऱ्या नगरपालिका व औद्योगिक वसाहती यांनी मिळून उभा करावा.

यात नवीन काही नाही. हिमाचलमधल्या पालमपूर नगरपालिकेने २०१० मध्ये आपल्या पाण्याचा झरा ज्या डोंगरावर आहे तिथल्या गावकऱ्यांशी करार केला. रान राखण्यासाठी गावच्या समितीला वर्षाला दहा हजार रुपये. रक्कम लहान, पण पाणी पिणाऱ्याने पाणी राखणाऱ्याला काही देणं लागतं, हे एका नगरपालिकेने कागदावर मान्य केलं. कोस्टा रिकासारखा छोटा देश १९९७ पासून इंधनावरच्या करातून खासगी जंगलमालकांना मोबदला देतो आहे. आणि आमच्याच संगमेश्वर भागात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने जमीनमालकांशी तोड न करण्याचे करार केले आहेत. संस्था आपल्या कुवतीप्रमाणे काही वाड्यांपर्यंत पोचते. जिल्हाभर जायचं तर सरकारच लागेल.

एका गोष्टीवर मात्र आपला शब्द लेखी हवा, नाहीतर कुणी सही करणार नाही. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याची धास्ती कोकणात अजून आहे. जुन्या नोटिशीच्या आधारे सातबाऱ्यावर 'खासगी वन' असा शेरा पडला आणि माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या करत राहिली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज प्रकरणात, नुसत्या जुन्या नोटिशीवरून जमीन सरकारजमा होत नाही, असा निकाल दिला, तरी ती भीती गेलेली नाही. 'जंगल दाखवलं तर जमीन जाईल' हे वाक्य मी गावच्या सभेत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शाळेत होतो, आजही ऐकतो. म्हणून करारातच लिहा: सातबाऱ्यावर कोणताही शेरा पडणार नाही, मुदत संपली की मालक मोकळा.

सामाईक सातबाऱ्यासाठीही वाट काढावी लागेल. तेवीस जणांची संमती ठेकेदार गोळा करतो, कारण तो मुंबईला डोंबिवली-नालासोपाऱ्यापर्यंत घरोघर जातो. खात्याचा माणूसही गणपतीत आणि शिमग्यात गावात आला, तर सगळे हिस्सेदार एका मांडवात भेटतील.

देवरायांबद्दल थोडक्यात. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिथल्या देवरायांच्या प्रकरणात, देशभरच्या देवरायांसाठी धोरण आखावं अशी शिफारस केंद्राला केली आहे. आमच्याकडे पूर्वी देवीचा कौल घेतल्याशिवाय फांदी तुटत नसे. आता जीर्णोद्धारात सिमेंटचा सभामंडप येतो आणि त्याच्या खर्चासाठी राईतलीच झाडं विकली जातात. सभामंडपाला निधी देताना राईला हात लागणार नाही ही अट घाला, मानकरी विरोध करणार नाहीत.

जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणला वाशिष्ठीतला गाळ काढायला सरकारने कोट्यवधी खर्च केले. ते गरजेचंच होतं. पण आमचा उतार यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात लालभडक वाहिला आणि ती माती खाली नदीतच गेली. ती तिथून पुन्हा काढण्याच्या खर्चापेक्षा आमचं रान राखायला कमी लागलं असतं.

आमच्या वहाळापलीकडे दुसऱ्या भावकीचं अकरा एकर रान अजून उभं आहे. गरुडाची जोडी तिकडेच गेली असावी, आवाज येतो. त्या घरात यंदा लग्न आहे आणि ठेकेदाराने दसऱ्यानंतर येतो म्हणून निरोप दिला आहे. त्याच्याआधी आपला माणूस त्यांच्या अंगणात पोचावा, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
संगमेश्वर तालुक्यातला एक शेतकरी