पत्रकातल्या 150 दिवसांबद्दल

आर्वी, एप्रिल अखेर

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच, पण चालते. कारखान्यातल्या बारा तासांच्या पाळीविरुद्धच्या तुझ्या 1 मेच्या पत्रकाचा कच्चा मजकूर वाचला आणि राहवलं नाही. एका आकड्यापायी एवढं लांब पत्र कशाला, असं तू तरी विचारणार नाहीस.

‘मध्ययुगातला शेतकरी वर्षाला 150 दिवसच राबायचा’ हे वाक्य काढून टाक गड्या. इंग्लंडातल्या मजुरीच्या नोंदींवरून बांधलेला तो जुना अंदाज. अभ्यासकांनी पुढं तो बराच वर नेला. रविवार 52, चर्चचे सण चाळीसेक, म्हणजे नांगर नव्वदेक दिवस बंद. पण गोठा कधी बंद असतो का? तुझ्या बुटीबोरीच्या कारखान्याच्या गेटवर पत्रक घेणारी निम्मी पोरं कास्तकाराघरची. पोळ्याच्या दिवशीही शेण काढावंच लागतं, हे त्यांना ठाऊक आहे. पहिल्याच ओळीला हसतील आणि पुढचं वाचणार नाहीत.

इंग्लंडातला बैलही दुपारी सुटायचा, त्याला चरायला वेळ लागे म्हणून. माणूस सुटत नसे. वैरण, कुंपण, सरपण उरलेलंच असे. शिवाय बांधील कुळाला आठवड्यातले दोन-तीन दिवस जमीनदाराच्या खास शेतावर फुकट राबावं लागे, सुगीला आणखी वरचे दिवस. आणि पीक किती? एक माप गहू पेरला की तीन-चार मापं. त्यातलं एक बियाण्याला ठेवायचं, दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. आपल्याकडं ओलिताच्या एकराला 40 किलो गहू पेरून 10 क्विंटल काढणारा माणूस हे वाचून डोक्याला हात लावेल. एक हंगाम बुडाला की खायचं आणि पेरायचं धान्य एकाच कणगीतलं.

दळणसुद्धा जमीनदाराच्याच चक्कीवर न्यायचं आणि त्यातला वाटा तिथं ठेवायचा. तिथल्या सेंट ऑल्बन्स गावच्या मठाधिपतीनं लोकांच्या घरची जाती जप्त करून मठातल्या फरशीत बसवली होती. 1381 च्या शेतकऱ्यांच्या उठावात लोकांनी ती उखडली, फोडली आणि तुकडे घरोघर नेले. हे घाल पत्रकात! घरच्या जात्यासाठी माणसं का उठतात, ते आपल्या बायामाणसांना समजावून सांगावं लागणार नाही.

सालदारावरून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यावरून, आपलं भांडण झालं होतं, आठवतं? तू म्हणायचास, सालदार म्हणजे वेठबिगारच. मी आजही मानत नाही. सालदाराचे हाल मी नाकारत नाही, पण पाडव्याला तो दुसऱ्या वाड्यावर जाऊ शकतो. इंग्लंडातल्या बांधील कुळाला परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. पोरीच्या लग्नाला जमीनदाराला पैसे भरायचे. आणि कुळ मेलं की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदाराकडं जाई, तेही ऐन दुखवट्यात, घरच्यांना बैलाची गरज असताना.

तुला हवा तो मुद्दा 1351 चा आहे. 1348 च्या प्लेगात माणसं मेली, राबणारे हात कमी पडले, मजुरी चढली. लगेच पार्लमेंटनं कायदा करून मजुरी प्लेगाआधीच्या दरावर बांधली. कापणीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रोज 2 पेनी, दुसऱ्यापासून 3, जेवण मागायचं नाही. गावात काम असताना उन्हाळ्यात दुसरीकडं जायचं नाही. न ऐकणाऱ्याचे पाय खोड्यात. मजूर मिळेना झाला की मालक आधी दर बांधायला धावतो, हे कापूस वेचाईच्या हंगामात आपल्याकडंही दिसतं.

आता तुझ्या पोरांचं. 1948 च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली आणि जादा तासांना दुप्पट दर ठरवला. बारा तासांची पाळी सहा दिवस म्हणजे 72 तास. वरचे 24 दुप्पट दरानं पगाराच्या पावतीवर दिसतात का, हे प्रत्येकाला स्वतःची पावती काढून बघायला लाव. गेटपर्यंतच्या येण्या-जाण्याचे तास वेगळे मोज. तो वेळ कुणाच्याच हिशेबात नसतो, पण घरी पोर झोपलेलंच दिसतं ते त्यामुळं. यात जुन्या शेतकऱ्याला सुखी दाखवायची गरज कुठं पडते? त्याचं कष्टाचं आयुष्य तुझ्या मागणीसाठी खोटं करू नको, विनू. मला राग आला तो याचाच.

शालूवहिनींची बदली झाल्याचं दादाजींकडून कळलं. पिंकीचा दहावीचा निकाल लागला की फोन कर.

छापखान्यात द्यायच्या आधी नवा मजकूर मला पाठव. मोबाइलवर फोटो चालेल, फक्त या वेळी अक्षर वाचता येईल असं काढ.

तुझा,
प्रभ्या