नळीला दोष देण्याआधी फोर-एंड उघडा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल पसरट ग्रुप देऊ लागली, म्हणजे गोळ्या निशाण्यावर विखरून पडू लागल्या, की ‘नळी गेली’ असा निकाल लगेच लागतो. मग लाकूड निदान दिसायला तरी बरे असावे म्हणून ते एखाद्या फर्निचरवाल्या सुताराकडे जाते आणि काचपेपर, पीयू पॉलिश होऊन चकचकीत परत येते. नेम मात्र आधीपेक्षा बिघडतो, कारण जे अर्धा मिलिमीटर लाकूड घासून गेले त्याच्यावरच सगळा भार होता.

इशापूरच्या कारखान्यातल्या नंबर १ मार्क ३ या थ्री-नॉट-थ्रीमध्ये गोळीचा धक्का फोर-एंडच्या, म्हणजे नळीखालच्या लाकडाच्या, मागच्या टोकाजवळ, आतल्या दोन छोट्या खांद्यांवर येतो. आर्मरर, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणारे, त्यांना ‘ड्रॉ’ म्हणतात. दोन्हींवर धातू सारखा टेकला पाहिजे. एका बाजूला कागदाइतकी फट राहिली तरी दर गोळीला रायफलचे धातूचे धड, म्हणजे अ‍ॅक्शन वाकडी सरकते, आणि पुढे फोर-एंडचे शेपूट उभे चिरते. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याने मऊ लाकूड वापरले तेव्हा ड्रॉवर तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. इशापूरने फोर-एंडमध्ये आडवा स्क्रू घातला तो लाकूड चिरण्याच्या भीतीने.

तपासणी सोपी आहे. रायफल रिकामी करून बोल्ट काढावा, ड्रॉवर टेकणाऱ्या धातूला तेलात कालवलेले काजळ अगदी पातळ लावावे, फोर-एंड बसवून पुढचा ट्रिगर गार्ड स्क्रू आवळावा आणि पुन्हा उघडावे. काळा डाग दोन्ही ड्रॉवर सारखा उमटायला हवा. एकीकडेच उमटला तर चांगली बाजू तासत बसू नये. खराब बाजू पटाशीने चौकोनी कोरून तिथे कठीण लाकडाचा तुकडा इपॉक्सीने बसवावा. तुकड्याच्या रेषांचे टोक धातूकडे हवे. रेषा आडव्या ठेवल्या तर धक्क्याने तो दबतो. सागवानात स्वतःचे तेल असते, म्हणून चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसणे भाग आहे. धातूला मेण लावायला विसरलात तर अ‍ॅक्शन लाकडातच चिकटेल.

पुढच्या स्क्रूभोवती लोखंडी कॉलर असते. ती लाकडापेक्षा लांब झाली की स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण लाकूड सैलच राहते. कॉलर हरवलेली असेल तर लाकूड चेंगरते. लाकूड तिच्यापेक्षा केसभर उंच हवे. फोर-एंडचे मागचे टोक बट सॉकेटला, म्हणजे बट (खांद्याकडचा दस्ता) ज्या धातूच्या खोबणीत बसतो तिला, टेकू नये. दीड मिलिमीटर मोकळे असावे. पुढे नोजकॅपच्या, म्हणजे फोर-एंडच्या टोकावरच्या धातूच्या टोपीच्या, भोकात नळी अडकता कामा नये. तिला खालून वर रेटणारा स्प्रिंग-स्टड तिथे असतो. नळी हाताने खाली दाबून सोडली की आपसूक वर यायला हवी. नळीला मध्ये धरणाऱ्या कड्याचा, म्हणजे इनर बँडचा, स्क्रू स्प्रिंगवर हलकी ओढ देण्यासाठी आहे, तो पिळून ठेवायचा नाही.

बट काढायचा असेल तर फोर-एंड आधी काढा. बट बोल्टचे चौकोनी टोक फोर-एंडमधल्या पट्टीत अडकलेले असते. थेट स्क्रूड्रायव्हर फिरवला की लाकूड हमखास फुटते, आणि नागपुरात दिसणारे बहुतेक फुटके फोर-एंड असेच फुटले असावेत.

आता हवा. मे महिन्यात कोरडे पडलेले लाकूड घट्ट बसवले तर आषाढात फुगून नळीला रेटते; पावसाळ्यात बसवले तर उन्हाळ्यात आक्रसून स्क्रू सैल पडतो. हे काम नोव्हेंबर-डिसेंबरात करावे. लकडगंजच्या लाकूडबाजारातून नवे लाकूड आणले तर पुरते वाळल्याशिवाय त्याला हात लावू नये. पॉलिश मुळीच नको. आपल्याकडच्या जवसाचे कच्चे तेल, नळीच्या खाचेत आणि ड्रॉवरही, पातळ थर देत मुरवावे. नुसते बाहेरून लावले तर ओलावा आतून शिरतोच.

एनसीसीच्या याच घडणीच्या .२२ मध्ये धक्का नगण्य असल्याने ड्रॉ कमी त्रास देतात. तिथे आधी नोजकॅप पाहावा.

.३०३ आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (सर्वसामान्यांना मनाई असलेला नळीचा व्यास) आहे आणि शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. तेव्हा हे काम परवानाधारक आर्मररकडे द्यावे आणि रायफल कंडेम (निकामी) ठरवण्याच्या कागदावर सही होण्याआधी ही काजळाची चाचणी करून घ्यावी, एवढीच विनंती.

आपले,
दोन निवृत्त आर्मरर, नागपूर