तुझ्या मलांजखंडच्या दगडाविषयी

सातारा, रविवार

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. साखर आटोक्यात आहे, गुडघे होते तसेच आहेत. दिवाळीपासून पत्र नाही म्हणून तू रागावला असशील, तो राग मान्य आहे. पण आज लिहायला बसलो आहे ते तुझ्या दगडासाठी, आणि हा विषय तुझ्याखेरीज कोणाजवळ काढण्यात अर्थ नाही.

मलांजखंडच्या तांब्याच्या खाणीवरील सहलीत तू जेवणाच्या पिशवीतून जो गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, तुकडा आणलास, आणि ज्याला जागा करण्यासाठी माझ्या पोळ्या बालाघाटच्या स्टँडवर कुत्र्यांना गेल्या, तो सरांच्या हातच्या चिठ्ठीसह अजून कॉलेजच्या काचेच्या कपाटात आहे. ऋता तो मागते आहे. तिला त्यातील मॉलिब्डेनाइटचे, म्हणजे मॉलिब्डेनम धातूच्या खनिजाचे, वय काढायचे आहे, आणि वय काढायचे म्हणजे तो फोडायचा, दळायचा आणि आम्लात विरघळवायचा. मी निवृत्त झालो तरी कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहिली आहे. दगड मात्र तुझा आहे, म्हणून मी तिला अजून होकार दिलेला नाही.

काल तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. एका चिरेत निळसर राखाडी पापुद्रा चिकटलेला आहे, तोच हा मॉलिब्डेनाइट. नख लावले की सुटतो आणि बोटावर तेलकट डाग सोडतो. तू त्याला ग्रॅफाइट म्हणून मोकळा झाला होतास, आणि सरांनी तो बशीच्या चकचकीत पाठीवर घासून ग्रॅफाइटची नसते अशी हिरवट रेघ दाखवली होती, हे तू सोयीस्करपणे विसरला असशील.

माझा पहिला विचार असा होता की कडेचा थोडा पापुद्रा चाकूने खरवडून द्यावा आणि दगड वाचवावा. ऋताने तो एका दमात मोडून काढला. मॉलिब्डेनाइट स्फटिकताना रेनियम हा धातू घेतो, पण ऑस्मियम हा दुसरा धातू जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आज त्यात सापडणारे ऑस्मियम-187 हे रेनियम-187 च्या किरणोत्सारी ऱ्हासातून आलेले असते, आणि एकाच खनिजावरून वय निघते. रेनियम-187 चा अर्धायुकाल, म्हणजे त्यातले निम्मे अणू सरायला लागणारा काळ, सुमारे 4160 कोटी वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या नऊपट. तरीही मलांजखंडइतक्या जुन्या खनिजात शिल्लक रेनियम-187 च्या दर 100 अणूंमागे ऑस्मियमचे चार अणू जमलेले असतात. अडचण अशी की हे ऑस्मियम जन्मल्या जागी राहत नाही, पापुद्र्यातल्या पापुद्र्यात सरकते. कडेचा कण घेतला आणि त्यात रेनियमाविना ऑस्मियम आले तर वय फुगते, उलट झाले तर घटते. सबंध पापुद्रा दळून एकजीव केला तरच हिशेब जुळतो. लेझरने एकेक ठिपका मोजण्याची पद्धतही म्हणूनच येथे भरवशाची नाही. अर्धी गार तुला परत करता येईल, पण पापुद्रा एकाच चिरेत आहे. त्याच्याविना उरलेली गार आणि यवतेश्वरच्या वाटेवरची गारगोटी यांत काय फरक?

आता आपल्या भांडणाकडे येतो. ग्रॅनाइट थिजून कित्येक कोटी वर्षे लोटल्यावर खडक चिरडला गेला आणि तेव्हा गार, तांबे व मॉलिब्डेनम आले, हे तुझे मत. ज्या शिलारसातून ग्रॅनाइट झाला त्याच्याच अखेरच्या उष्ण द्रवातून ते आले, हे माझे. 2004 साली तेथील मॉलिब्डेनाइटचे वय 249 कोटी वर्षे, अधिक-उणे 20 लाख, असे प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी ग्रॅनाइटमधील झिरकॉन या खनिजाचे, युरेनियमपासून बनलेल्या शिशावरून काढलेले वय 247 कोटी 80 लाख, अधिक-उणे 90 लाख, असे आले. त्यावर तू फोनवर विचारलेस, ‘काय रे, पोर बापाच्या आधी जन्मले का?’ विनोद चांगला होता, पण त्या 20 लाखांत रेनियमच्या ऱ्हासदराची अनिश्चितता धरलेली नाही. ती सुमारे 0.3 टक्के, म्हणजे या वयाला 80 लाखांच्या आसपास जाते, आणि तेवढी धरली की दोन्ही वये एकमेकांच्या कक्षेत येतात. ग्रॅनाइटमधील बायोटाइट या काळ्या अभ्रकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याचा तुझा हट्टही मला कधी पटला नाही. तो आर्गॉन सुमारे 300 अंश सेल्सिअसवर निसटू लागतो, त्यामुळे नंतरच्या तापण्याचे वय ग्रॅनाइटच्या नावावर खपते.

तरीही तुझा शेवटचा मुद्दा मी खोडू शकलेलो नाही: त्यांनी मोजलेला नमुना वेगळा, तुझा दगड वेगळा, आणि एका खाणीतल्या सगळ्या शिरा एकाच काळच्या असतात असे नाही. मला ऋताला दगड द्यावासा वाटतो तो यासाठीच. भीती एवढीच की वय माझ्या बाजूने आले तर तू म्हणशील, जिंकण्यासाठी अनंताने माझा दगड दळला. तुझ्या बाजूने आले तर मी काय म्हणेन ते तुला ठाऊक आहेच.

सरांची चिठ्ठी मी कोणालाही देणार नाही. ती तुला पाठवून देईन, आणि पापुद्र्याचे जवळून फोटोही काढून ठेवीन. होकार असेल तर एका ओळीचा निरोप पुरे. नकार असेल तर मात्र कारणे सविस्तर लिही, कारण ती ऋतापुढे मला मांडायची आहेत आणि ती माझ्यासारखी भिडस्त नाही.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले ना? घराचा वरचा मजला पूर्ण झाला का, की अजून गवंड्याची वाट पाहतो आहेस? कंदी पेढे शैलाबरोबर पाठवले आहेत. तिने वाटेत संपवले असतील तर तिच्याशी भांड, माझ्याशी नको.

तुझा,
अनंता