दोन हाकांच्या मध्ये

सॅन अँजेलो, टेक्सास
18 जानेवारी 2025

प्रिय बंड्या,

स.न.वि.वि. संक्रांत होऊन चार दिवस झाले. तिळगूळ पोस्टानं पाठवला तर तुला होळीला मिळेल, म्हणून तुझ्या वाटणीचाही मीच खाल्ला.

परवा फोनवर मी म्हणालो की हल्ली कोल्हेकुई शिकतोय, तर तू हसत सुटलास आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हणून हे पत्र. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

आधी जागा डोळ्यांसमोर आण. टेक्सास म्हणजे काही वेगळंच असेल असं तुला वाटत असेल, पण इथं आलास तर कारंजा गावाबाहेरच्या माळावरच उभे आहोत म्हणशील. मेस्किट नावाचं जे काटेरी झाड इथं नजर जाईल तिथवर पसरलंय, ते आपल्या वेड्या बाभळीचं भावंड. मध्ये मध्ये फड्या निवडुंग. दोन्ही घराणी मूळची याच खंडातली. आपल्याकडे पाहुणी म्हणून आली आणि घरजावई होऊन बसली. या माळावर शेळ्या-मेंढ्या चरतात. लोकरीच्या जिवावर हे गाव मोठं झालंय. आणि कोकरं म्हटलं की कायोटी आलाच.

कायोटी आपल्या कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून पुष्कळ लहान. आमच्याकडचा बारा-पंधरा किलोंचा. थॉमस से नावाच्या निसर्गतज्ज्ञानं 1823 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं त्याचा अर्थ ‘भुंकणारा कुत्रा’. कान देऊन ठेवलेलं नाव आहे ते. दोघं जण ओरडायला लागले की दहाची टोळी आहे असं वाटतं. पहिल्या वर्षी रात्री ऐकून मी खिडकी लावून घ्यायचो आणि आजीची ‘भालू (म्हणजे कोल्ही) ओरडतेय, निजा’ आठवायची.

आमच्या शेजारी एक म्हातारे मेंढपाळ आहेत. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणतो. गेल्या हंगामात त्यांची नऊ कोकरं गेली. कळपात राखणीला गाढव ठेवलंय (हसू नको, गाढवाला कुत्र्याची जात खपत नाही, मागे लागून लाथा घालतं), तरी गेली. मग काका बंदूक घेऊन निघतात आणि मी त्यांच्यासोबत. बंदूक मी चालवत नाही. माझं काम हाक मारायचं. तरी रीतसर परवाना काढला, आणि त्यासाठी कोर्स करावा लागला, कारण 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला टेक्सासात तो सक्तीचा. म्हणजे आपण 1976ची पोरं अजून कच्चीच.

आपल्याकडच्या शिकारीच्या गोष्टींत हाका असायचा. डबे बडवायचे, ढोल वाजवायचे, रान उठवायचं आणि जनावर बंदुकीच्या तोंडी ढकलायचं. इथं हाक असते. फरक एका कान्याचा, पण त्या कान्यात मला दोन हिवाळे लागले. जनावराला त्याच्या मर्जीनं यायला लावायचं, आणि त्यासाठी काय आवाज काढायचा, तर मरणाऱ्या सशाचा.

वाद्य बोटाएवढं. लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या नळीला पुढं चमच्यासारखी जीभ, तिच्यावर एक पातळ पट्टी. आपण आंब्याची कोय घासून पुंगी करायचो, तिचंच शिकलेलं पोर. पट्टी टोकाशी दातांनी दाबली की आवाज बारीक, तोंडात आणखी आत घेतली की जाड. ससा करायचा तर टोकाशी राहून हुंदक्यासारखा तोडत तोडत फुंकायचं. कायोटीची आरोळी हवी असेल तर आतून सुरुवात करून टोकाकडे घसरत यायचं. थंडीत श्वासाची वाफ पट्टीवर गोठते आणि ऐन वेळी ती मुकी होते, म्हणून मी ती बनियनमध्ये ठेवतो. तुझी वहिनी सराव करू देत नाही, म्हणून गाडीत काचा वर करून करतो. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक बघतात.

बॅटरीवर चालणारी यंत्रंही मिळतात. त्यांत शेकडो आवाज भरलेले असतात. बटण दाबून लांब झुडपात ठेवून द्यायचं. काकांना ती आवडत नाहीत. मलाही नाही, पण माझं कारण साधं आहे: मग मी कशाला जाऊ?

पहिल्या खेपेला काय झालं ते सांगतो म्हणजे तुझं समाधान होईल. पहाटे अंधारात जाऊन बसलो, उजाडल्यावर मी जीव तोडून सशाची हाक मारली. पाच मिनिटांत मागून धडधड ऐकू आली. काकांनी मान वळवली, मी वळवली. काळ्या अँगस गाई! वीस-बावीस असतील. रडण्याचा आवाज ऐकून चौकशीला आल्या होत्या. आमच्याभोवती रिंगण धरून फुसफुसत उभ्या राहिल्या. काका टोपीत तोंड खुपसून हसत होते.

त्यानंतर त्यांनी मला दोन महिने फुंकूच दिलं नाही. आधी बसायला शिक म्हणाले. गाडीचं दार आपटायचं नाही, नुसतं टेकवायचं. सूर्य पाठीशी, पाठ झुडपाला, आणि वारा आडवा. कायोटी आवाजावर सरळ येतोच असं नाही. येता येता वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि नाकानं खात्री करून घेतो. कानाला फसवता येतं, त्या नाकापुढे काही चालत नाही. म्हणून बंदूकवाला त्या वळशाच्या बाजूला बसतो. पहिली हाक हळू, कारण तो शंभर पावलांवर निजलेला असू शकतो. अर्धा मिनिट रडायचं, मग गप्प. दोन-तीन मिनिटं काही नाही. मग पुन्हा. वीस मिनिटांत आला नाही तर उठायचं. रानमांजर, म्हणजे इथला बॉबकॅट, त्याहून जास्त वेळ खातो. पावलापावलाला बसून विचार करतो.

ते गप्प बसणं फार जड जातं रे. फुंकताना आपण काहीतरी करतोय असं वाटतं. थांबलो की वाटतं, ऐकलंच नसेल कुणी, अजून एकदा मारू. माझे बहुतेक कायोटी मी या घाईनंच घालवले. मरणारा ससा इतका वेळ अखंड ओरडत नाही.

टर्कीची तऱ्हा वेगळी. तिच्यासाठी लाकडी पेटी असते, झाकण कडेवर घासलं की मादी बोलते. आर्कान्सामधल्या गिब्सन नावाच्या माणसानं 1897 साली तिचं पेटंट घेतलं होतं. माझ्याकडून अजून दार करकरल्यासारखा आवाज निघतो, तेव्हा ते राहू दे.

आता गेल्या शनिवारचं. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांचा जोड्या जमवायचा काळ, म्हणून काका म्हणाले आज ससा नको, आरोळी दे. एकच दिली, लांब, शेवटी खाली घसरणारी. मग पट्टी खिशात टाकली, म्हणजे पुन्हा हात जायला नको. सात-आठ मिनिटांनी ओढ्याच्या पलीकडून उत्तर आलं. अंगावर काटा आला म्हणतात तो खरंच येतो. थोड्या वेळानं निवडुंगामागून तो निघाला. पळत नव्हता. मध्येच थांबे, कान वळवे, पुन्हा चाले. चाळीस पावलांवर आला आणि वळशाला लागला. आता वारा धरणार. मी हाताची पाठ ओठांना लावून, लेकराला चुचकारतो तसा चूक् चूक् आवाज काढला. उंदराचा. तो जागच्या जागी थांबला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. पिवळे डोळे, थंडीनं फुगलेली मान, नाकातून वाफ.

काकांनी बार टाकला.

‘आता पिल्लू, पिल्लू!’ ते कुजबुजले. गोळीनंतर लगेच पिल्लाचं केकाटणं काढलं तर जोडीदार येतो. मी पट्टी तोंडाला लावली, पण दमच आला नाही. तिथंच बसून राहिलो. काकांनी काही विचारलं नाही, थर्मासमधली कॉफी दिली. कोकरं मीही पाहिलीत बंड्या, गळ्याशी फाडलेली, म्हणून काकांना मी चूक म्हणणार नाही. इथं किती मारले याच्या स्पर्धाही लावतात. तिथं मात्र मी जात नाही. कॅलिफोर्नियानं तर 2014 सालीच त्या बक्षिसांवर बंदी आणली.

त्या दिवसापासून मला आपल्या गावाबाहेरचा तो फासेपारधी आठवतोय. आपण दहा वर्षांचे असू. बांधावर उकिडवा बसून नुसत्या ओठांनी तितराला बोलवायचा, आणि पलीकडच्या तुरीतून तितर उत्तर द्यायचं. इथं हीच विद्या दुकानात पाकिटात मिळते. आपल्याकडे ती ज्यांच्या ओठांत होती त्यांना इंग्रजांच्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. 1952 साली तो शिक्का कागदावरून गेला. गावात आपण त्याला किती वेळा पळवून लावलं ते तुला माहीत आहे.

तो आहे का अजून? असेल तर त्याच्याकडे जा. तितर धरायला सांगू नकोस, उगाच बिचाऱ्यावर वनखात्याची केस व्हायची. चहा पाज आणि एवढंच विचार, की एक हाक मारल्यावर दुसरी मारेपर्यंत तो किती वेळ थांबायचा, आणि तेवढा वेळ मनात काय म्हणायचा.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या